गारुडी आणि गोंधळी

इंटरनेटवर व्हिडिओ टाकणाऱ्या प्रत्येकाला यूट्यूब ही कंपनी एक आलेख दाखवते. व्हिडिओ सुरू झाला तेव्हा बघणारे शंभर टक्के. अर्ध्या मिनिटाने त्यातले किती उरले, तिसऱ्या मिनिटाला किती जण निघून गेले, शेवटपर्यंत किती टिकले, हे सगळे एका उतरत्या रेषेत दिसते. ही रेषा कमी कशी उतरेल, या विवंचनेत आज जगभरातली असंख्य माणसे आहेत आणि त्यांत आपल्या मराठवाड्यातली तरुण मुलेही आहेत. पावसाळ्यात पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा भरून वाहू लागला, की इस्लापूरच्या बाजूला आणि पलीकडे विदर्भाच्या काठावर मोबाईल घेतलेल्या मुलांची गर्दी होते. कोणी धबधबा टिपतो, कोणी खेड्यातला विनोदी प्रसंग रचतो, कोणी कापसावरच्या बोंडअळीची माहिती देतो. सगळ्यांचे कोडे एकच असते. लोक शेवटपर्यंत थांबत का नाहीत?

हे कोडे यंत्राने घातले, असे पुष्कळांना वाटते. मला तसे वाटत नाही. माणसाला बसल्या जागी धरून ठेवणे हा आपल्याकडे शेकडो वर्षांचा व्यवसाय आहे. त्यावर घरे चालली, पिढ्या जगल्या. त्या लोकांनी शोधलेल्या युक्त्या आजच्या युक्त्यांपेक्षा कमी नव्हत्या. म्हणून या विषयाकडे थोडे इतिहासाच्या अंगाने पाहू.

त्यासाठी इस्लापूरसारखे गाव फार सोयीचे आहे. आज हे गाव नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात येते. पण १९५६ पर्यंत ते हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, बोथ तालुक्यात होते. त्या वर्षीच्या राज्य पुनर्रचना कायद्यात कोणकोणता मुलूख मुंबई राज्याला जोडायचा याची यादी आहे आणि तीत किनवट व राजुरा तालुक्यांबरोबर इस्लापूर सर्कलचा नावानिशी उल्लेख आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. अशा सीमेवरच्या मुलखात मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, बंजाऱ्यांची गोरमाटी आणि दख्खनी उर्दू या भाषा एकाच बाजारात ऐकू येतात. इथे चार माणसे थांबवायची, तर नुसत्या शब्दांवर भागत नाही. वाद्य लागते, सोंग लागते, आणि समोरच्याला आपले वाटेल असे काहीतरी लागते.

या भागातले सगळ्यात जुने उदाहरण प्रधानांचे आहे. प्रधान हे राजगोंडांचे परंपरागत गायक. किंगरी नावाचे तंतुवाद्य वाजवत ते गोंडांच्या कुळांच्या गाथा सांगतात. ऑस्ट्रियात जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात आदिलाबादच्या गोंडांमध्ये राहून अभ्यास केला. तेव्हा किनवट आणि इस्लापूर हे दोन्ही त्याच जिल्ह्यात होते. त्यांच्या लेखनातून प्रधानांच्या गायनाचे तपशीलवार वर्णन मिळते. प्रत्येक कुळसमूहाची गाथा वेगळी. प्रधान ज्यांच्याकडे गातो त्यांच्याच पूर्वजांची गोष्ट गातो. देवकार्याला जमलेले लोक तासन् तास बसतात, कारण पुढे येणारा पराक्रम त्यांच्याच आजा-पणजाचा असतो. ही गोष्ट त्यांना आधीपासून ठाऊक असते. तरीही ते बसतात. ‘पुढे काय होणार’ या उत्सुकतेवरच माणूस थांबतो, असे आज सांगितले जाते. ते सर्वस्वी खरे नाही, याचा हा पहिला पुरावा.

दुसरा पुरावा गोंधळाचा. माहूरची रेणुका आमच्या भागाची कुलदेवता. लग्न झाले, की घरी गोंधळ घालायचा ही मराठवाड्यातली रीत. त्याच जातकुळीतले खंडोबाचे विधी म्हणजे जागरण. या नावातच त्या कलावंताचे काम सांगितलेले आहे. वऱ्हाड थकलेले असते, पोटभर जेवण झालेले असते, मध्यरात्र उलटलेली असते आणि अशा माणसांना पहाटेपर्यंत जागे ठेवायचे असते. आजच्या कोणत्याही व्हिडिओवाल्यापुढे इतका कठीण प्रेक्षक नसेल.

गोंधळी हे काम कसे करतो, ते पाहण्यासारखे आहे. आधी चौक मांडला जातो, घट बसतो, दिवटी पेटते. संबळ कडाडला, की अंगणात विखुरलेली माणसे आपोआप जवळ सरकतात. मग गण होतो आणि नंतर देवदेवतांना आवाहन. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा, असे एकेका ठिकाणचे दैवत गोंधळाला बोलावले जाते. जाणता गोंधळी या यादीत यजमानाच्या गावचे आणि पाहुण्यांच्या गावांचे दैवतही घालतो. प्रत्येक जण आपल्या गावाचे नाव येईपर्यंत कान देऊन बसतो. त्यानंतर पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान. आख्यान सांगताना मुख्य गोंधळ्याच्या जोडीला साथीदार असतो. तो मुद्दाम भाबडे प्रश्न विचारतो, भलताच अर्थ काढतो, मध्येच यजमानाच्या जावयाची थट्टा करतो. कथा फार गंभीर झाली आणि माना डुलू लागल्या, की साथीदाराने तोंड घातलेच म्हणून समजावे. परभणीकडचे राजारामबापू कदम या कलेतले थोर नाव. शाहीर विठ्ठल उमपांनी रंगभूमीवर गाजवलेले ‘जांभूळ आख्यान’ ही गोंधळ्यांच्या परंपरेतलीच कथा.

आणि पहाटे आरती होते. हे फार महत्त्वाचे आहे, त्याकडे मी पुढे येणार आहे.

आता याच काळातला दुसरा कलावंत पाहू. आठवडी बाजारात गारुडी यायचा. डमरू वाजवून तो रिंगण धरायचा. एका टोपलीत साप, शेजारी खुंटीला बांधलेले मुंगूस. आता साप आणि मुंगूस यांची लढाई होणार, असे तो पहिल्याच मिनिटाला जाहीर करायचा. मग हातचलाखीचा एखादा खेळ, मग पुन्हा लढाईची आठवण, मग टोपलीचे झाकण अर्धे उघडून बंद करणे, मग ‘जागचा हलेल त्याचे वाईट होईल’ अशी धमकी. शेवटी ताईत किंवा जडीबुटी विकायला निघायची. ती विकून झाली, की गारुडी सामान आवरायचा. मीही लहानपणी अशा रिंगणांत उभा राहिलो आहे. माझ्या वयाच्या माणसांना विचारून पाहा, सापमुंगसाची लढाई प्रत्यक्ष पाहिलेला माणूस क्वचित भेटेल. मी तरी ती कधी पाहिली नाही.

गारुडी वाईट माणूस होता, असे मला म्हणायचे नाही. त्याच्या कलेचे स्वरूप त्याच्या पोटापाण्याने ठरवले होते. गोंधळ्याला ठरलेली घरे होती. ज्या घरी थोरल्याच्या लग्नात गोंधळ घातला, त्याच घरी धाकट्याच्या लग्नात जायचे होते. फसवून त्याचे भागले नसते. गारुड्याला यजमान नव्हता, वतन नव्हते, गावात घरही नव्हते. आज इस्लापूर, उद्या हिमायतनगर, परवा भोकर. समोरचा घोळका पुन्हा भेटणार नाही हे गृहीत धरूनच त्याचा खेळ बेतलेला होता. प्रेक्षक रोज नवा असेल, तर आशा दाखवून थांबवता येते; प्रेक्षक तोच असेल, तर त्याला सामील करून घ्यावे लागते. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापाच्या खेळांवर बंदी आली आणि गारुडी हळूहळू बाजारातून दिसेनासा झाला. त्याची रीत मात्र दिसेनाशी झाली नाही.

कीर्तनाने सामील करून घेण्याची कला फार उंचीवर नेली. नारदीय कीर्तनात नमन, पूर्वरंग, मग मध्यंतरात बुक्का लावणे आणि नामाचा गजर, आणि नंतर उत्तररंगात आख्यान अशी रचना असते. जड तत्त्वविचार आधी, ताज्या डोक्याने ऐकायचा, गोष्ट नंतर. मध्ये श्रोत्याला हातपाय हलवायला जागा. वारकरी कीर्तनात एकच अभंग दोन-दोन तास चालतो. बुवा थांबले, की टाळकरी चाल उचलतात आणि त्यांच्याबरोबर सारा मंडप गातो. गाणारा माणूस झोपत नाही. संत एकनाथांनी भारुडात आणखी वेगळी वाट काढली. विंचू चावल्याच्या बोंबेने सुरुवात करायची, लोक धावून आले की त्यांना तमोगुणाविषयी सांगायचे. लक्ष वेधण्यासाठी बोंब मारलेली होती, पण त्या बोंबेच्या मागे खरोखर सांगण्यासारखे काही होते. गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) तर कीर्तन म्हणजे श्रोत्यांशी प्रश्नोत्तरेच करून टाकली. प्रश्न इतके साधे असत, की अडाणी माणूसही उत्तर द्यायचा आणि उत्तर देता देता आपल्याच अंधश्रद्धेवर हसायचा.

तमाशाच्या फडाची गोष्ट निराळी. तिथे तिकीट काढलेला, कधी आडदांड, कधी प्यालेला प्रेक्षक सांभाळायचा असे. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत मार्गशीर्षात राज्यभरातले फड येतात. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग हा तमाशाचा क्रम शेकडो रात्रींच्या अनुभवातून ठरलेला आहे. मुख्य माल म्हणजे वग, तो रात्र चढल्यावर. तोपर्यंत गवळणीतला पेंद्या आणि मावशी, बतावणीतला सोंगाड्या प्रेक्षकाला खेळवत ठेवतात. बतावणी लिहिलेली नसते. सोंगाड्या दुपारी गावात फिरून सरपंचाची भानगड, बंद पडलेला पंप, कोणाचे जमलेले लग्न हे सगळे टिपून घेतो आणि रात्री त्याच्यावर बोलतो. लोकांचा दाद देण्याचा प्रकार म्हणजे दौलतजादा. पैसे देणाऱ्याचे नाव मंचावरून पुकारले जाते. आज थेट प्रक्षेपणात पैसे पाठवणाऱ्याचे नाव वाचून दाखवतात, ते याहून वेगळे नाही.

प्रेक्षक धरून ठेवण्याची किंमत कलावंत काय मोजतो, तेही तमाशाच्या इतिहासात लिहिलेले आहे. विठाबाई नारायणगावकरांची (१९३५–२००२) हकिकत सर्वांना माहीत आहे. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्यावर आत गेल्या, बाळंत झाल्या आणि थांबलेल्या प्रेक्षकांसाठी पुन्हा बोर्डावर आल्या, असे सांगितले जाते. आपण ही कथा कौतुकाने सांगतो. बाहेर थांबलेल्या त्या प्रेक्षकांविषयी आपण फारसे बोलत नाही.

रात्रभराचा हा कारभार २००० साली आलेल्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बदलला. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आली. वर्षातल्या मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी आणखी पक्की केली. नियम योग्यच होता, पण त्याने तमाशाचे अंग आखडले. वगाला वेळ उरेना आणि चित्रपटातल्या गाण्यांवरचा नाच पुढे आला. वेळ कापली, की सावकाश रंगणारी गोष्ट आधी जाते, हा धडा पुढे मोबाईलच्या काळात पुन्हा गिरवला गेला.

विसाव्या शतकात यंत्रे आली आणि पहिला वाद वेळेवरूनच झाला. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला. सुरतेला त्याला गर्दी होईना. तिथल्या भागीदाराचे म्हणणे पडले, की दोन आण्यांत सहा तास नाटक बघणारे लोक तीन आणे देऊन दीड तासाचा खेळ का बघतील? फाळक्यांनी चित्रपट लांबवला नाही, दरही उतरवला नाही. सत्तावन्न हजार छायाचित्रांचा, दोन मैल लांबीचा खेळ फक्त तीन आण्यांत, अशी जाहिरात त्यांनी केली आणि लोक लोटले, अशी हकिकत सांगितली जाते. खेळ किती वेळ चालतो यापेक्षा त्यात काय भरले आहे, हे त्यांनी लोकांच्या मापात सांगितले.

मग रेडिओ आला. हैदराबाद संस्थानात निजाम सरकारचे केंद्र १९३५ पासून होते आणि औरंगाबादलाही संस्थानचे केंद्र निघाले. ही दोन्ही केंद्रे १९५० मध्ये आकाशवाणीत सामील झाली. रेडिओच्या श्रोत्याला उठून जाण्याचीही गरज नाही, नुसती कळ फिरवली की झाले. अशा माध्यमात श्रोता किती काळ टिकवता येतो, याचा मराठीतला मानदंड म्हणजे ‘गीतरामायण’. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे केंद्रावरून पहिले गीत गेले आणि वर्षभर, आठवड्याला एक या गतीने, छप्पन्न गीते झाली. ग. दि. माडगूळकर लिहीत, सुधीर फडके चाल लावत. कथा सर्वांना पाठ, कोणतेही रहस्य नाही. तरी लोक रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून वाट बघत. प्रधानांच्या गाथेचेच हे आधुनिक रूप म्हणायला हवे.

त्याच सुमारास, १९५६ च्या सुरुवातीला, पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने शेतकऱ्यांसाठी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. पाच मराठी जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे, आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, एकूण वीस कार्यक्रम. गावातले लोक एकत्र बसून ऐकत, नंतर त्यावर चर्चा करत आणि प्रश्न केंद्राला कळवत. त्या प्रश्नांना पुढच्या कार्यक्रमात उत्तरे मिळत. जे. सी. माथूर आणि पॉल न्यूराथ यांनी लिहिलेला अहवाल १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गावांत मंडळे होती तिथल्या लोकांची माहिती स्पष्टपणे वाढलेली आढळली. कार्यक्रम अर्ध्या तासाचाच, पण गाव त्याच्याभोवती संध्याकाळभर बसून राही. प्रेक्षकाला जास्त वेळ थांबवण्याचा हाही एक मार्ग आहे. दुर्दैवाने यंत्राला तो वेळ मोजता येत नाही.

दूरदर्शनने ही सूत्रे काही काळ जपली. १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘हम लोग’ मालिकेत प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार पडद्यावर येऊन प्रेक्षकांशी बोलत, घडलेल्या प्रसंगावर प्रश्न विचारत. तो सरळ कीर्तनकाराचा वारसा होता. पुढे खासगी वाहिन्या आल्या, टीआरपी आला, आणि एका जाहिरातीपासून दुसऱ्या जाहिरातीपर्यंत प्रेक्षक हलता कामा नये, हे मालिकेचे काम झाले. एक थोबाडीत तीन कोनांतून तीनदा दाखवायची, दार उघडणाऱ्याचा चेहरा उद्यावर ठेवायचा. गारुड्याच्या टोपलीचे झाकण पुन्हा अर्धे उघडे राहू लागले. या मोजणीत खेड्यांना बराच काळ जागाच नव्हती. ‘बार्क’ या संस्थेने ग्रामीण घरांचा समावेश केला तो २०१५ साली. इस्लापूरचा माणूस मालिका बघत होता, पण त्याचे बघणे हिशेबात धरलेले नव्हते.

आता त्या उतरत्या रेषेकडे येऊ. यूट्यूब २००५ साली सुरू झाले. सुरुवातीची काही वर्षे कोणता व्हिडिओ पुढे ढकलायचा हे किती जणांनी तो उघडला यावर ठरे. साहजिकच भडक चित्र आणि फसवे शीर्षक लावून लोकांना आत ओढायचे, हा धंदा माजला. २०१२ साली कंपनीने माप बदलले. किती जणांनी उघडला याऐवजी किती वेळ पाहिला, याला महत्त्व आले. थोडक्यात, गारुड्याच्या रिंगणात किती जमले यापेक्षा गोंधळात पहाटेपर्यंत किती बसले, हे मोजायचे ठरले. विचार चांगला होता. पण वेळ मोजला जातो म्हटल्यावर वेळ काढण्याच्या युक्त्या निघाल्या. दोन मिनिटांची माहिती दहा मिनिटांत द्यायची, खरे उत्तर शेवटी ठेवायचे. त्या काळात मध्ये जाहिरात टाकायला व्हिडिओ निदान दहा मिनिटांचा लागे. २०२० मध्ये ही अट आठ मिनिटांवर आली. पुष्कळ व्हिडिओ नेमके तेवढ्याच लांबीचे का असतात, याचे उत्तर इथे आहे.

२०१८ पासून जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी एक हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तासांचे पाहणे अशी अट आली. याचा हिशेब खेड्यातल्या मुलाच्या बाजूने करून पाहावा. चार हजार तास म्हणजे दोन लाख चाळीस हजार मिनिटे. सरासरी माणूस दोन मिनिटे थांबत असेल, तर व्हिडिओ एक लाख वीस हजार वेळा पाहिला गेला पाहिजे. तोच माणूस सहा मिनिटे थांबला, तर चाळीस हजार वेळा पुरतो. थांबवण्याच्या कलेला असा रोख भाव आहे.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि खेड्यांत व्हिडिओ पोहोचला. टिकटॉकवर पंधरा सेकंदांचे खेळ करणारी खेड्यापाड्यांतली हजारो मुले-मुली पुढे आली. २९ जून २०२० रोजी त्यावर बंदी आली आणि त्यांनी जमवलेले सारे एका रात्रीत गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात यूट्यूबने आपले छोटे व्हिडिओ, म्हणजे शॉर्ट्स, चाचणी म्हणून सर्वप्रथम भारतातच आणले. इथे प्रेक्षक बोटाच्या एका फटक्याने पुढे जातो. पहिल्या क्षणी धक्का हवा म्हणून धबधब्याच्या निसरड्या कातळावर उभे राहणारी मुले आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. डोंबाऱ्याच्या पोराने दोरीवर चालावे तसे हे आहे. फरक इतकाच, की डोंबाऱ्याच्या पोराला दोरीवरचे चालणे लहानपणापासून शिकवलेले असे.

आणि इथेच पहाटेच्या आरतीचा मुद्दा येतो. गोंधळाला शेवट होता. कीर्तन आरतीने आणि प्रसादाने संपे. वग सत्याच्या विजयाने संपे. ज्याने धरून ठेवले त्यानेच मोकळे करायचे, हा न लिहिलेला करार होता. मोबाईलच्या पडद्याला तळ नाही. बोटाने सरकवत राहावे आणि मजकूर येतच राहावा, ही सोय अझा रास्किन या अमेरिकन तंत्रज्ञाने २००६ साली तयार केली; पुढे त्यांनीच तिच्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला आहे. एक व्हिडिओ संपला, की दुसरा आपोआप सुरू होतो. गोंधळी घरी गेला तरी संबळ वाजतच राहावा, तशी ही अवस्था आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही रात्री दोनपर्यंत मोबाईल सोडवत नाही, तो त्यांना काही फार आवडले म्हणून नव्हे. ‘आता उठा’ असे सांगणारे कोणी नाही म्हणून.

तरीही मी निराश नाही. मराठीतल्या व्हिडिओंकडे पाहिले, तर गोंधळ्याची रीत अजून चालते असे दिसते. सातारा भागातून आलेली ‘गावाकडच्या गोष्टी’ ही मालिका किंवा बारामतीकडची ‘चांडाळ चौकडीच्या करामती’ यांना धक्क्यांची गरज पडलेली नाही. तेच पार, तीच माणसे, त्यांच्या त्याच खोडी. लोक त्यांना नातेवाइकासारखे भेटायला येतात. दोन-दोन तासांची संपूर्ण कीर्तनेही लोक मोबाईलवर लावून ऐकतात. माणसाचे लक्ष आता काही सेकंदच टिकते, असे म्हणणाऱ्यांनी याचेही उत्तर दिले पाहिजे.

इस्लापूरच्या एखाद्या मुलाने मला विचारले, तर मी त्याला तीनच गोष्टी सांगेन. पहिली, सुरुवातीला जे कबूल कराल ते दाखवा, आणि फार लांबणीवर न टाकता दाखवा. दुसरी, आवाहनात आपल्या गावांची नावे घ्या. पुण्या-मुंबईच्या भाषेची नक्कल करू नका. तुमच्या बाजारात सहा भाषा आहेत, प्रधानांच्या गाथा आहेत, दिवाळीत मोरपिसांचे टोप घालून नाचणारे गुसाडी आहेत, कायद्यात नाव आलेले एक सर्कल आहे. हा माल दुसऱ्या कोणापाशी नाही. तिसरी, गोष्ट संपली की थांबा. आठ मिनिटे भरायची म्हणून ताणू नका.

उतरत्या रेषेखेरीज आणखी एक आकडा असतो. आधी येऊन गेलेल्यांपैकी किती जण पुन्हा आले, हे तो सांगतो. रोज पाहायचाच असेल, तर तो आकडा पाहावा. गोंधळीही सकाळी बिदागी घेऊन निघताना रात्री किती जण जागे होते हे मोजत बसत नसे. धाकट्याच्या लग्नाला पुन्हा बोलावणे आले, की रात्र चांगली झाली होती असे तो समजत असे.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)